आमेन म्हणू नका

दत्तोबा प्रार्थनेला उभा राहिला की बायका आधीच पदराचं टोक हाताशी घ्यायच्या आणि पुरुष खिशातला रुमाल चाचपायचे. आता रडावं लागणार हे ठरलेलं. “देवा, मी धूळ हाय. मी किडा हाय. माझ्यावानी पापी ह्या तालुक्यात दुसरा न्हाय,” असं म्हणता म्हणता त्याचा आवाज असा काही फाटायचा की दगडालाही पाझर फुटावा. बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत उपवास-प्रार्थना असली की दत्तोबाला आवतण यायचंच. लोक म्हणायचे, “एवढा मोठा वडील, पण गर्व म्हणून न्हाय बघा.” दत्तोबा ते ऐकून मान खाली घालायचा. खाली घातलेल्या मानेनं तो किती खूश असायचा, ते एकट्या सिंधुबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला ठाऊक.

आता वडील म्हणजे कुणाचा बाप नव्हे, हा मंडळीतला हुद्दा आहे. गावची मंडळी लहान, पाळकसाहेब राहायला बारामतीला. ते महिन्याच्या पहिल्या शनिवारी एसटीनं यायचे, रविवारी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देऊन परत जायचे. बाकीचे दिवस कोण देवळात आलं, कोण नाही आलं, कुणाचं कुणाशी फाटलं, हे बघायला दोन वडील नेमलेले. एक संभाजी, दुसरा दत्तोबा. संभाजी गप्प माणूस, दत्तोबा म्हणेल त्याला ‘व्हय’ म्हणणारा. तेव्हा वडील खरा एकच. कॅनॉलच्या कडेला पत्र्याचं छप्पर टाकलेलं ते एवढंसं देऊळ (आमच्याकडची ख्रिस्ती माणसंही चर्चला देऊळच म्हणतात), पण त्याच्या उंबऱ्यावर दत्तोबाची नजर चुकवून मुंगी आत जायची नाही.

ही गोष्ट चौऱ्याण्णव-पंच्याण्णवच्या सुमाराची.

दत्तोबाचा आजा मेंढरं राखायचा. बाप मिशनच्या दवाखान्यात मरता मरता वाचला आणि येशूचा झाला, पोरांसकट झाला. पण थोरली पोर धोंडाबाई त्याआधीच कळंबला दिलेली. ती सासरच्या देवाची राहिली. त्यावरून भावाबहिणीत कधी वाकडं आलं नाही. चैतात कळंबला धोंडाबाईच्या भावकीत बिरोबाची जत्रा असायची. बकरं पडायचं, आणि दुसऱ्या दिवशी पितळी डबा भरून मटण भावाच्या दारात यायचं. भावाचा वाटा काढल्याशिवाय धोंडाबाईच्या घशाखाली घास उतरत नसे.

आणि इथंच तर सगळी गोम होती. मंडळीचा नियम कडक होता. देवापुढं कापलेलं खायचं नाही. हा नियम पाळकसाहेबांपेक्षा दत्तोबानंच जास्त लावून धरलेला. मग डब्याचं काय? दत्तोबानं त्यावर एक नामी तोड काढली होती. डबा कुठून आला, कशाचा आला, हे तो कधी विचारायचाच नाही. विचारलं नाही म्हणजे कळलं नाही, कळलं नाही म्हणजे पाप नाही. डबा घेऊन येणाऱ्याला तो ओट्यावरूनच म्हणायचा, “ठिव, ठिव. काय बोलू नगंस.”

सिंधुबाई त्या मटणाला हात लावायची नाही. ती बाजरीची भाकरी थापून ताटात टाकायची आणि म्हणायची, “डोळं झाकून दूध प्यालं म्हंजी मांजराला वाटतं, जगाला दिसत न्हाय.”

“मटण म्हंजी मटण,” दत्तोबा भाकरी कुस्करत म्हणायचा. “बकऱ्याच्या अंगावर काय कुनाचं नाव लिवलेलं अस्तंय?”

त्या वर्षी मे महिन्यातल्या तयारीच्या सभेला सारजा उभी राहिली. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी ही सभा भरते. ज्याच्या मनात काही सलत असेल त्यानं ते इथं बोलून मोकळं व्हायचं, मग दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाच्या मेजाकडं यायचं. बहुतेक माणसं ‘माझे हातून चुका झाल्या, प्रभू क्षमा करो’ असं गुळमुळीत बोलून बसतात. सारजानं तसं केलं नाही. सारजा विधवा, खुरपणीला जाणारी, माहेर कळंबचं. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून ती म्हणाली, “मी म्हायेरी गेल्ते. जत्रा हुती. बिरोबाच्या बकऱ्याचं मटण मी खाल्लं. कुनी बळजबरी न्हाय केली. भूक बी न्हवती. वास आला आन खाल्लं. मला म्हाईत हुतं कशाचं हाय ते. देवाची माफी मागते आन तुमची बी.”

असं नावगाव घेऊन पाप सांगायची कुणाला सवय नव्हती. पाळकसाहेब बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात दत्तोबा उठला. डोळ्यांत पाणी तयारच होतं. “देवा, आमच्या ह्या भगिनीचं पाप माझ्या माथी घाल. तिच्या बदली मला मार!” बायका हुंदके देऊ लागल्या. आणि प्रार्थना आटोपून डोळे पुसल्यावर त्याच दत्तोबानं पाळकसाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, “पन साहेब, नियम त्यो नियम. प्रभूचं मेज म्हंजी काय खानावळ हाय का? नाताळपतुर हिला मेजावर घ्याची न्हाय.” संभाजीनं मान हलवली. पाळकसाहेबांनी जमिनीकडं पाहत ‘बरं’ म्हटलं.

नवरा गेल्यापासून त्या एका भाकरीच्या तुकड्यावर आणि घोटभर द्राक्षरसावर सारजा महिना काढायची, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ती आली, अगदी मागं, चपला काढतात तिथं बसली. भाकरीचं ताट तिच्या अलीकडूनच वळलं. ताट दत्तोबाच्याच हातात होतं. पुढच्या रविवारीही ती तिथंच बसली, त्याच्या पुढच्याही. एखादी असती तर तोंड फिरवून घरी बसली असती.

मे संपता संपता दत्तोबा बहिणीचा डबा परत द्यायला निघाला. रिकामा डबा परत देऊ नये, म्हणून सिंधुबाईनं त्यात शेवया भरून दिल्या. जंक्शनच्या फाट्यावर उतरून त्यानं कळंबची गाडी धरली. धोंडाबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. भावाला बघून तिचं तोंड फुललं. चहा झाला, उसाचं बोलणं झालं, गुडघ्यांची गाऱ्हाणी झाली.

“यंदाचा डबा कसा हुता रं?” धोंडाबाईनं विचारलं.

“झ्याक.”

“आसनारच. यंदा म्या न्हाय भरला. माझा हात पोळलेला. सारजा आल्ती शेजारी, तिच्या म्हायेरला. मसाला तिनंच वाटला, आन डबा बी तिनंच भरला. म्या म्हनलं, दत्तोबाचा वाटा हाय, चांगलं घाल. तर पोरगी म्हनती कशी, आबाला नळी आवडती, नळीची हाडं येचून घालते.” धोंडाबाई हसली. “किती जीव लावत्यात रं तुज्या मंडळीची मानसं तुला!”

दत्तोबाला नळ्या आठवल्या. ओट्यावर बसून ताटाच्या काठावर आपटून आपटून त्यानं त्या चोखल्या होत्या. आणि आठवडाही उलटला नसेल, तोच देवळात उभं राहून, ‘तिचं पाप माझ्या माथी घाल’ म्हणून तो ढसाढसा रडला होता. समोर सारजा उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. त्याचा रडका आवाज ऐकताना तिच्या मनात काय झालं असेल? एका शब्दानं ती त्याला तिथंच उघडा पाडू शकली असती. तो शब्द तिनं तोंडातून काढला नव्हता.

घरी कुणाला बरं नाही असं काहीतरी बहिणीला सांगून तो उठला. आजारी कोण नि काय, ते त्याचं त्यालाच कळेना. धोंडाबाई ‘जेवून जा की मेल्या’ म्हणून ओरडत राहिली.

परतीच्या गाडीत त्यानं स्वतःशी भांडून घेतलं. मी विचारलं नव्हतं, मला माहीत नव्हतं, वगैरे वगैरे. पण आज ते लटकं भांडण काही जमेना. बकरं कुठलं ते त्याला दर वर्षी माहीत होतं. चैत लागला की तो डब्याची वाट बघायचा! माहीत नसलेल्या गोष्टीची कुणी वाट बघतं का? लाजेनं त्याचे कान तापले. आणि खरं सांगायचं तर लाजेबरोबर भीतीही होती. सारजा बोलली तर? मग वडीलपण गेलं, आवतणं गेली, खाली घातलेली मान बघून भारावणारी माणसं गेली. मग दत्तोबा म्हणून उरतं काय?

गावात उतरल्यावर तो घरी गेलाच नाही, थेट सारजाच्या दारात गेला. ती दारातच बसून तांदूळ निवडत होती. गडबडीनं उठून तिनं पोतं अंथरलं.

“बसा आबा.”

“बसत न्हाय,” दत्तोबा म्हणाला, आणि बसला. “कळंबला गेल्तो.”

सारजानं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

“तू त्या दिशी बोलली का न्हाईस?”

“कशाचं?”

“डब्याचं.”

“मी माजं पाप सांगाया उठल्ते, आबा. तुमचं न्हाय.”

दत्तोबाला एक सोपी वाट सुचली. “मी पाळकसाहेबास्नी सांगतो, सारजा. ह्याच रविवारी तुला मेजावर घेऊ. लई झालं. झालं गेलं गंगेला मिळालं.”

“काय म्हनून सांगशीला?”

“सांगीन की, दया कराया पायजे म्हनून.”

सारजानं सूप खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले. “म्हंजी परत तुमीच मोठं! आबा, मला त्यो घास लई आठवतो. रात्रंदिस आठवतो. पर तुमच्या मेहेरबानीचा नगं. मी खाल्लं हुतं, मी भोगते. तुमी तुमचं बघा.”

दत्तोबा उठला. घरी गेल्यावर सिंधुबाईनं ताट वाढलं, त्यानं सरकवलं. तिनं कपाळाला हात लावून बघितला. तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. त्याला वाटलं, आता ही आपल्याला धारेवर धरणार. ती म्हणाली, “रडला न्हाईत व्हय आज?”

“येईना रडाया.”

“मग खरं आसंल,” सिंधुबाई म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं.

जूनचा पहिला शनिवार आला. तयारीच्या सभेत दत्तोबा दोनदा उठायला झाला आणि दोनदा गुडघे दुखतात असं करून बसला. ती सबंध रात्र त्यानं स्वतःला शिव्या घालण्यात घालवली. रविवारी देऊळ भरलं. गाणी झाली, वचन झालं. मेजावरचं पांढरं फडकं काढलं. सारजा मागं चपलांपाशी होती. पाळकसाहेबांनी सवयीनं भाकरीचं ताट उचलून दत्तोबाच्या हातात दिलं. “वडील, वाटण्याआधी प्रार्थना करा.”

दत्तोबा मंडळीकडं तोंड करून उभा राहिला. पदर सरसावले. रुमाल निघाले.

“देवा,” तो म्हणाला, “मी पापी हाय.”

“आमेन,” मंडळी म्हणाली.

“न्हाय, तसं न्हाय. मी जत्रेचं मटण खातो.”

“आमेन!” संभाजीनं डोळ्यांना रुमाल लावला.

“दर वर्साला खातो. भनीकडनं डबा येतो. मला म्हाईत अस्तं.”

“हाल्लेलुया! आमेन!” आता सगळीकडून हुंदके. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “बघितलंस? सारजीचं पाप सोताच्या अंगावर घेतलं. देवमानूस गं, देवमानूस!” पाळकसाहेबांनीही डोळे मिटून घेतले होते. “किती ही लीनता,” ते पुटपुटले.

दत्तोबानं इकडंतिकडं पाहिलं. विहिरीत पडलेल्या माणसानं ओरडावं आणि काठावरच्यांनी ‘काय गोड गळा!’ म्हणावं, तशी त्याची गत झाली होती. इतकी वर्षं ‘मी पापी, मी पापी’ म्हणून त्यानं त्या शब्दाची पार रया घालवली होती. आता खरं सांगायची वेळ आली, तर सांगायला शब्दच शिल्लक नव्हता.

“आमेन म्हनू नका रं!” तो एकदम ओरडला. “तुमच्या पाया पडतो, आमेन म्हनू नका! मी परार्थना करत न्हाय. मी सांगाय लागलोय!”

लोक दचकले. डोळे उघडले. दत्तोबाचे डोळे कोरडे ठणठणीत होते, हे तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं.

“आबा, बसा, पानी प्या,” संभाजी उठून म्हणाला. “ऊन लई हाय.”

“मला ऊन न्हाय लागलं! संभाजी, मी नळ्या चोखल्या आन चौथ्या दिशी हिला मेजावरनं उठवली.” त्यानं मागं, दाराकडं पाहिलं. “सारजा, तू तरी सांग. ह्यांना खरं वाटंना. तू सांग गं बाई.”

सगळ्या माना मागं वळल्या. सारजा उठेना. तिला ते नको होतं, हे दिसत होतं. सांगितलं तर म्हाताऱ्याचं वडीलपण कायमचं गेलं, आणि गप्प राहिलं तर तो असाच देवमाणूस राहिला. दत्तोबा तिच्याकडं बघत उभा होता. आयुष्यात त्यानं देवाकडं इतक्या कळवळून काही मागितलं नसेल.

सारजा उभी राहिली. “खरं हाय,” ती म्हणाली. “डबा म्या भरला. धोंडाबाईच्या घरात, बकरं पडल्याच्या दुसऱ्या दिशी. आबाचा वाटा म्हनूनच भरला.”

कुणी आमेन म्हटलं नाही. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला, पण तो रडायला नव्हे. संभाजीचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला. गप्प माणूस बोलला की असाच बोलतो. “मग त्या दिशी हिच्यासाटी रडला ते काय हुतं, आबा?”

“सवय,” दत्तोबा म्हणाला.

“आन नाताळपतुर म्हनलं ते?”

“भ्या. ही जवळ बसली की मला माजंच आठवंल, ह्याचं भ्या.” हे त्याला स्वतःलाही आत्ताच, बोलता बोलता कळलं होतं.

त्यानं ताट मेजावर ठेवलं. ते पडू नये म्हणून दोन्ही हातांनी ठेवलं. मग दोन्ही रांगांच्या मधून चालत तो मागं आला आणि सारजापासून हातभर अंतरावर खाली बसला. सिंधुबाईनं बायकांच्या रांगेतून एकदा वळून बघितलं. तिला रडू आलं, आणि नवऱ्याच्या प्रार्थनेच्या वेळी ती आजवर कधीच रडली नव्हती.

अखेर पाळकसाहेबांनी स्वतः ताट उचललं. ते पुढच्या रांगांकडं गेले नाहीत, आधी मागंच आले. “सारजाबाई,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा पाळकाचा राहिला नाही. “तुम्ही कबूल केलं त्याच दिवशी हे संपलं होतं. आम्हीच संपू दिलं नाही. मी त्या दिवशी ‘बरं’ म्हणालो, ते चुकलं. घ्या.”

सारजानं ओंजळ पुढं केली. भाकरीचा तुकडा तिच्या हातावर आला. तिनं तो लगेच तोंडात घातला नाही. पाळकसाहेब वळायला लागले तशी ती म्हणाली, “साहेब, आबानं बी कबूल केलंय की. आत्ताच.”

पाळकसाहेब थांबले. पुढून संभाजी काही म्हणेल असं वाटलं, पण तो खाली बघत राहिला. ताट दत्तोबासमोर आलं.

दत्तोबानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. “मला नगं. मी लायक न्हाय, साहेब. मी हितं असाच बसतो. वरीसभर बसतो. मी लई मोठा पापी...” आणि बोलता बोलता त्याचा आवाज फाटायला लागला, अगदी पहिल्यासारखा.

“आबा!” सारजा दबक्या आवाजात त्याच्यावर कडाडली. “परत सुरू करू नगा. लायक कोन हाय हितं? हात फुडं करा.”

दत्तोबाचं तोंड मिटलं. त्यानं पाठीमागचे हात पुढं आणले आणि सारजानं धरली होती तशीच ओंजळ धरली.